मुंबई ते न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना पंधरा कसे?

सांगलीच्या एका मुलाचा प्रश्न आहे. आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेला चाललेत, जानेवारीत, मुंबई ते न्यूयॉर्क नॉनस्टॉप. त्याचं म्हणणं असं की नेटवर अंतर साडेबारा हजार किमी दाखवतंय, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे भागाकार केला तर १४ तास. मग बुकिंगवर जाताना साडेसोळा तास आणि येताना पंधरा तास कसं काय? आणि बाबा तर म्हणतायत की तिकिटावर रात्री १:५५ ला निघून सकाळी ७:५५ ला पोचतं असं छापलंय, म्हणजे सहाच तास, एवढं काय घाबरायचं!

मी २६ वर्षं डिस्पॅचर होतो. म्हणजे विमान कुठल्या रस्त्याने जाणार, किती उंचीवर, इंधन किती भरायचं, वाटेत काही झालं तर उतरायचं कुठे, हे सगळं निघायच्या चार-पाच तास आधी जमिनीवर बसून ठरवणारा माणूस. पायलट लोकांना सगळे ओळखतात, आम्हाला कोणी नाही, असो. तुमच्या भागाकारात चूक काहीच नाही, फक्त त्यातले दोन्ही आकडे खऱ्या प्रवासातले नाहीत.

आधी बाबांचं सहा तासांचं प्रकरण मिटवू, कारण ते सोपं आहे. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणून सहा अधिक साडेदहा, साडेसोळा तास. परतीचं बघा, तिकडून सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबई, घड्याळात साडेपंचवीस तास दिसतात, त्यातून साडेदहा वजा करा, पंधरा. पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा, पूर्वेला येताना वजा करायचा, बास. आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेनऊ होतो. आईबाबांचं परतीचं तिकीट मार्चनंतरचं असेल तर हिशोब साडेनऊने करा, नाहीतर प्रवासाचा वेळ तासभराने चुकेल.

आता अंतर. मुंबई ते जेएफके, म्हणजे न्यूयॉर्कचं विमानतळ, सर्वात जवळचं अंतर साधारण १२,५५० किमी आहे, नेटवरचा आकडा बरोबर आहे. पण हे अंतर कुठून जातं ते कोणी बघत नाही. आमच्या ऑफिसात एक जुना ग्लोब होता, नवीन पोरं आली की त्यांना मी शिवणाचा दोरा द्यायचो आणि सांगायचो की एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आता ताण. सगळ्यांना वाटायचं दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र, स्पेन आणि मग सरळ अटलांटिक असा बसणार, कारण शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. दोरा ताणला की तो घसरत घसरत वर जातो. मुंबईतून निघाल्यावर सिंध, मग अफगाणिस्तानातल्या हेरातच्या बाजूने तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या वरून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून थेट आइसलँड, तिथून ग्रीनलंडचं खालचं टोक आणि मग कॅनडाच्या लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्क. पोरं दोरा सोडून परत ताणायची, परत तिथेच. मुंबई १९ अंश अक्षांशावर आणि न्यूयॉर्क ४१ अंशावर, आणि त्यांच्यामधला सरळ रस्ता ६४-६५ अंशापर्यंत वर चढतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

सपाट नकाशावर पट्टीने ओढलेल्या रेषेने गेलात तर १४,२०० किमी होतात, म्हणजे साडेसोळाशे किमी जास्त. नकाशात उत्तरेकडचा भाग ताणून दाखवलेला असतो, म्हणून वरून जाणारा रस्ता लांब वाटतो, प्रत्यक्षात तोच जवळचा. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान कमानीसारखं वर जाऊन खाली येताना दिसतं तेव्हा शेजारचा माणूस हमखास म्हणतो की हे फिरवून कशाला नेतायत. फिरवून नाही हो, तेच सरळ आहे.

पण आता गंमत अशी की या दोऱ्याच्या रस्त्याने आज तुमचं विमान जात नाही. सिंध पाकिस्तानात, आणि पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्द बंद ठेवली होती, आणि परत एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद केली. अफगाणिस्तानच्या वर २०२१ नंतर विमानांना नीट ट्रॅफिक कंट्रोल नाही. रशिया २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद आहे, एअर इंडियाला तशी बंदी नाही. इराणचं तर विचारूच नका, तिथे कधी उघडं कधी बंद, सकाळी केलेला प्लॅन संध्याकाळी बाद. आकाशात रस्ते असतात, त्याला हद्दी असतात, त्या हद्दीतून जायचे पैसे द्यावे लागतात आणि तिथल्या सरकारचा मूडही सांभाळावा लागतो.

दिल्लीवाल्यांना पाकिस्तान बंद झाल्याचा दणका जास्त बसतो, कारण त्यांना आधी खाली गुजरात-अरबी समुद्राकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळायचं. २०२५ मध्ये दिल्ली-अमेरिकेच्या काही फ्लाइटना व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावं लागलं ते त्याच्यामुळेच. मुंबईचं त्या मानाने बरं, आपल्यासमोर समुद्रच आहे. मुंबईहून मस्कत, तिथून सौदीवरून रियाधच्या बाजूने इजिप्त, मग युरोप ओलांडून लंडन आणि पुढे अटलांटिक, असा दक्षिणेचा रस्ता धरला आणि तुकड्या तुकड्याची बेरीज केली तर साडेतेरा हजार किमीच्या जवळ जातं. म्हणजे तुमच्या साडेबारात इथेच एक हजार वाढले, एक तासाच्या वर. इराण आणि तुर्कस्तानवरून जाता आलं तर त्यातले बरेच वाचतात. कुठल्या दिवशी कुठला रस्ता मिळेल ते त्या दिवशीच कळतं.

आता वेग. विमानाचा ९०० हा वेग हवेच्या मानाने आहे, जमिनीच्या मानाने नाही. तुम्ही सांगलीचे, तुम्हाला समजावणं सोपं आहे. कृष्णेला पूर आलाय आणि तुम्ही होडी वल्हवताय, हात तेवढ्याच जोराने चालतायत, पण धारेबरोबर गेलात तर घाट भसाभस मागे पडतात आणि धारेविरुद्ध गेलात तर तेच देऊळ अर्धा तास डोळ्यासमोर. ३०-४० हजार फुटांवर असा वारा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकामुळे तो तयार होतो आणि पृथ्वी फिरते म्हणून तो पूर्वेला वळतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो म्हणून वाराही वाढतो, ताशी दोनशे किमीच्या वर सहज. जानेवारीत अमेरिकेला जाताना वेळ जास्त दाखवतात त्याचं कारण हे.

फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला साडेसहा-सात तास धरतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. लोक म्हणाले आवाजाचा वेग मोडला, पण तसं नाही, हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

इथे एक प्रश्न नेहमी येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा इंजिनियर असतो, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपणहून आपल्याकडे येतंय, लवकर पोचायला पाहिजे. अहो, हवा पण पृथ्वीबरोबर फिरतेय आणि विमानही. धावत्या लोकलमध्ये डब्याच्या एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत चालत जायला तेवढीच पावलं लागतात, मग तुम्ही चर्चगेटच्या दिशेने चाला नाहीतर विरारच्या. (गर्दी नसेल तर. पण ते वेगळं.)

दुसरा गैरसमज असा की जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, म्हणजे हिशोब बरोबर. तसं होत नाही. समजा १२,६०० किमी आहे आणि वेग ९००. वारा नसेल तर १४ आणि १४, एकूण २८ तास. आता १०० चा वारा लावा. जाताना ८०० ने पावणेसोळा तास, येताना १,००० ने १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. वीस मिनिटं गेली कुठे? वाऱ्याच्या विरुद्ध तुम्ही जास्त वेळ राहता, म्हणून तोटा जास्त वेळ खातो. एवढ्या मोठ्या विमानाची वीस मिनिटं म्हणजे दोन-अडीच टन इंधन, त्यामुळे आमच्याकडे यावर मारामाऱ्या चालतात.

म्हणून आम्ही काय करतो, जाताना वारा चुकवतो आणि येताना त्यात शिरतो. दर सहा तासांनी नवीन वाऱ्याचा अंदाज येतो, कॉम्प्युटर शेकडो रस्ते तपासतो आणि सांगतो की आज अमुक रस्ता किमीमध्ये लांब आहे पण वेळेत कमी आहे. अटलांटिकवर तर रोजचे रस्ते रोज नवीन आखतात, स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक आणि न्यूफाउंडलंडमधलं गँडर ही दोन केंद्रं दिवसातून दोनदा ते जाहीर करतात, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पूर्वेला येणाऱ्यांसाठी वेगळे. याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाचंच आहे, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. आधी अटलांटिकवरून जायची, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर वाढून १५,३०० किमीच्या आसपास झालं आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आली, कारण सगळा रस्ताभर वारा पाठीला. जास्त लांब रस्ता आणि तरी लवकर पोचतंय!

इंधनाचं सांगतो, कारण वेळेचं गणित शेवटी तिथेच येऊन थांबतं. ट्रिपल सेव्हन, म्हणजे बोइंग ७७७-३०० ईआर विमान, निघताना जास्तीत जास्त ३५१ टन वजनाचं असू शकतं. त्यातलं सव्वाशे-एकशेतीस टन नुसतं इंधन, न्यूयॉर्कच्या फ्लाइटला. तासाला सरासरी सात-साडेसात टन जळतं. आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, सोळा तासांनी एक टन जास्त शिल्लक पाहिजे असेल तर निघताना दीड टन भरावं लागतं. म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं की टाकी फुल करून निघायचं ना मग, तर त्याला हे सांगा. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ३०-३१ हजार फुटांच्या वर चढतच नाही, जसं इंधन जळतं तसं दोन-दोन हजार फूट वर घेत जातात. मधल्या रात्री इंजिनाचा आवाज अचानक थोडा वाढला आणि सीट किंचित मागे कलली तर ते हेच असतं, आईंना सांगून ठेवा, घाबरतील नाहीतर.

एक रात्र माझ्या अजून लक्षात आहे. मे महिना, मुंबईत रात्री अकराला पण ३१ डिग्री, शर्ट अंगाला चिकटलेला. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना आणि इंजिनाला ताकद कमी मिळते, म्हणजे वजनाची मर्यादा आधीच कमी. न्यूयॉर्कचा प्लॅन तयार, आणि तेवढ्यात नोटॅम आला, नोटॅम म्हणजे पायलटांसाठीची सूचना, की वाटेतल्या एका देशाने हद्दीचा एक पट्टा बंद केलाय. नवीन रस्ता काढला तर ४५ मिनिटं वाढली. सहा टन इंधन, आणि ते सहा टन न्यायला अजून जवळजवळ तीन. नऊ टन वजन कुठून आणणार? प्रवासी तर उतरवता येत नाहीत. मी लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशोब बघणाऱ्यांना, फोन केला की कार्गो कमी करा. पलीकडचा माणूस एक मिनिट गप्प, मग म्हणाला, साहेब, आज खाली सगळा हापूस आहे. वाशीहून प्रक्रिया होऊन आलेला, देवगडच्या पेट्या, अमेरिकेत २००७ पासून हापूसला परवानगी आहे आणि त्या दिवसांत पोटात आंबाच असतो. पॅलेट उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा फोन आमच्या कंपनीत कोणाकोणाला गेला ते मला नंतर महिनाभर ऐकायला मिळालं, आणि त्याचंही चूक नव्हतं, आंबा कुणासाठी थांबतो का. पण रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं तिथे, उभं राहिलो तेव्हा त्या उतरवलेल्या पेट्यांचा जो वास येत होता ना, तेलाच्या वासात मिसळलेला, तो काही विसरत नाही.

बरं, आता तिकिटावरची वेळ. ती हवेतली वेळ नसतेच. तिला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे इथे चाकाचा अडथळा काढल्यापासून तिथे चाकाला अडथळा लावेपर्यंत. त्यात पुशबॅक आला, म्हणजे गेटवरून विमान मागे ढकलणं, रनवेपर्यंतचं रांगणं आलं, रांगेत उभं राहणं आलं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालतो, आणि जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत जमिनीवर रांगण्यातच अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. शिवाय कंपन्या थोडी गादी ठेवतात, कारण वेळेवर पोचल्याची टक्केवारी चांगली दिसली पाहिजे. मग विमान उशिरा निघून पण वेळेत पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात. पायलटने काही मारून नेलेलं नसतं, गादी वापरलेली असते.

तर तुमचे साडेसोळा तास असे बनतात. रस्ता १३ ते साडेतेरा हजार किमी, समोरून वारा सरासरी ५०-६० किमी, म्हणजे हवेत साडेपंधरा तासांच्या आसपास, त्यात दोन्ही टोकांची मिळून पाऊण-एक तास जमीन. येताना तोच वारा पाठीला, हवेत सव्वाचौदा, वर जमीन. घरी बसून अंदाज काढायचा असेल तर नेटवरचं अंतर घ्या, त्यात पाच ते आठ टक्के रस्त्याचे वाढवा, पश्चिमेला जाताना ८५० ने भागा, पूर्वेला येताना ९५० ने, आणि वर पाऊण तास. दहापैकी आठ वेळा अर्ध्या तासाच्या आत येतं. त्याहून सोपं म्हणजे फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या साइटवर तो फ्लाइट नंबर टाकून मागच्या आठवड्यातल्या खऱ्या वेळा बघा, बुकिंग साइटपेक्षा ते खरं.

नॉनस्टॉप की दुबईमार्गे, हे पण विचारलंय. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, बेरीज तेरा हजाराच्या आत, म्हणजे अंतराने फार काही बिघडत नाही. बिघडतं ते मधल्या थांब्याने, आणि साठीच्या पुढच्या माणसांना रात्री तीन वाजता दुसऱ्या देशात टर्मिनल शोधायला लावणं मला पटत नाही. पैशात मोठा फरक असेल तर जरूर घ्या, पण मध्ये किमान तीन तास ठेवा. नॉनस्टॉपमध्ये त्रास एकच, सलग बसणं. दर दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत, चक्कर मारायला सांगा, आणि आयल, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट घ्या, बाबांना खिडकी हवी असली तरी.

एक सांगायचं राहिलं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, मलबार प्रिन्सेस, मुंबईहून कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. न्यूयॉर्कला १९६० मध्ये बोइंग ७०७ जायला लागलं ते पण लंडनला थांबून, आणि न थांबता मुंबई-न्यूयॉर्क २००७ मध्ये सुरू झालं. अंतर तेव्हाही तेवढंच होतं.

आणि बाबांनी खिडकीचा हट्ट धरलाच तर जाताना उजवीकडची द्या. रस्ता थोडा उत्तरेने गेला आणि ढग नसले तर त्या बाजूला कधी कधी ग्रीनलंडचा बर्फ दिसतो. आमच्या पोरांपैकी एकाने पहिल्यांदा जंपसीटवरून, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा सीटवरून, तो बघितला आणि उतरल्यावर मला मेसेज केला होता, सर, दोरा बरोबर होता.